गावी गेल्यावर लॅपटॉपला नेट कसं मिळवायचं? बारामती-इंदापूर पट्ट्यातून काम करताना उपयोगी पडलेल्या गोष्टी

पुण्यात रूमवर फायबर असतो, लॅपटॉप उघडला की नेट असतंच. तोच लॅपटॉप सॅकमध्ये टाकून तुम्ही बारामतीच्या पुढे भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असं करत इंदापूरकडे निघालात की प्रत्येक गावात नेटचं गणित वेगळं होतं. एका गल्लीत मोबाईलवर व्हिडिओ सुरळीत चालतो आणि दोन गल्ल्या सोडून साधा मेल जात नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घर बारामती तालुक्यात, मामाचं गाव इंदापूर तालुक्यात, आणि महिन्यातले काही दिवस दोन्हीकडून काम करतो. गावाकडची पोरं मला सगळ्यात जास्त विचारतात तो प्रश्न हाच: "दादा, सोमवारी ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, इथून होईल का?" कोणाला कॅप राउंडचे पर्याय भरायचे असतात, कोणाचा महाडीबीटीचा अर्ज शेवटच्या दिवसावर आलेला असतो. अशा वेळी "नेट गेलं होतं" हे कारण समोरचा ऐकून घेत नाही. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहितोय.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

"नेट चालत नाही" हे वाक्य आपण तीन वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरतो. लॅपटॉपपासून इंटरनेटपर्यंतच्या रस्त्यात तीन सांधे आहेत. पहिला, लॅपटॉप ते मोबाईल (हॉटस्पॉट). दुसरा, मोबाईल ते टॉवर. तिसरा, टॉवर ते पुढचं जग, म्हणजे टॉवरला आलेली फायबर किंवा त्यावर बसवलेली मायक्रोवेव्हची गोल डिश. यातला कुठला सांधा निखळलाय हे कळल्याशिवाय फोन बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही.

तपासणी सोपी आहे. हॉटस्पॉट देणाऱ्या मोबाईलवरच ब्राउझर उघडा आणि आधी न उघडलेली एखादी वेबसाइट टाका. ती पटकन उघडली पण लॅपटॉपवर काही येत नसेल, तर दुखणं पहिल्या सांध्यात. मोबाईलवरही फिरतच राहिलं, तर पुढचे दोन बघायचे.

अजून नेमकं हवं असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाईप करा. त्यात 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून जो पत्ता दिसतो तो तुमच्या मोबाईलचा. त्याला 'पिंग' करा. उत्तर काही मिलिसेकंदांत येत असेल तर पहिला सांधा ठीक. मग ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा, हा गुगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे. तिथे ४०-८० मिलिसेकंद आले तर काम होईल. कधी ६०, कधी ९००, मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', असं येत असेल तर व्हिडिओ कॉल नक्की अडखळणार, मग स्पीड टेस्टमध्ये आकडा कितीही चांगला येऊ दे.

लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसतच नाही?

ही सगळ्यात कॉमन तक्रार. मोबाईल हॉटस्पॉट चालू आहे, शेजारच्या मोबाईलला दिसतोय, लॅपटॉपच्या यादीत मात्र नाही. बहुतेक वेळा कारण एकच: नवीन मोबाईल हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर देतो आणि कॉलेजला असताना घेतलेल्या जुन्या किंवा स्वस्त लॅपटॉपचं वायफाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा. काही फोनमध्ये याच पर्यायाला 'एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी' म्हणतात, आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी'. लॅपटॉप नवीन असेल आणि मोबाईल त्याच खोलीत असेल तर उलट ५ गिगाहर्ट्झच ठेवा, वेग जास्त मिळतो. मध्ये भिंत आली की मात्र २.४ बरं पडतं.

एक गंमत सांगतो. २.४ गिगाहर्ट्झवर असताना लॅपटॉपला यूएसबी ३.० ची हार्डडिस्क लावली की वायफाय मंदावल्याचं कधी जाणवलंय का? भास नाही तो. यूएसबी ३.० च्या जोडणीतून याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर पेपरच काढला होता. हार्डडिस्क काढा किंवा दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा.

वायफायपेक्षा भरवशाचा मार्ग म्हणजे यूएसबी टेदरिंग. चार्जिंगची केबल लॅपटॉपला लावायची आणि अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. विंडोज आणि लिनक्सवर सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. यात पासवर्डची भानगड नाही, मोबाईलची बॅटरीही उतरत नाही. पर्याय फिकट दिसत असेल तर केबल तपासा. बाजारात स्वस्तातल्या पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच. ब्लूटूथ टेदरिंग हाही पर्याय आहे, पण वेग इतका कमी की मेल आणि मेसेज यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

मोबाईल कुठे ठेवायचा, हाच खरा प्रश्न

आता दुसरा सांधा. माझ्या मते गावाकडे दहातल्या सात अडचणी इथे असतात.

मोबाईलवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या पद्धतीने ठरवतो. त्यापेक्षा सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' आणि तिथून 'सिम स्टेटस' बघा, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये मिळतो. आकडा उणे असतो, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीला उणे ८५ च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे १०५ ला काम होतं पण कुरकुर असते. उणे ११५ च्या खाली गेला की इंटरव्ह्यूचा विचार सोडा. दर ३ डीबीला सिग्नलची ताकद निम्मी होते, त्यामुळे ९५ आणि १०५ मधला फरक दहाचा वाटला तरी प्रत्यक्षात ताकद दहावा हिस्सा झालेली असते.

हा आकडा बघत घरात एक चक्कर मारा. दगडी भिंतीचा जुना वाडा किंवा पत्र्याची खोली असेल तर मधल्या खोलीत आणि ओसरीवर केवढा फरक पडतो ते दिसेल. पत्रा म्हणजे रेडिओ लहरींसाठी आरसा, त्या आत येण्याऐवजी परत जातात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ऊस. रानातल्या वस्तीभोवती बारा फूट उभा ऊस असेल तर पाण्याने भरलेली ती पानं सिग्नल शोषतात, आणि पाऊस पडून गेला की जास्तच. मामाच्या वस्तीवर तोड झाल्यावर माळवदावर न जाताही कॉल नीट लागतो, हे मी दरवर्षी बघतो. भिगवण, कुंभारगावच्या बाजूला उजनीच्या पाण्यालगत वेगळाच प्रकार. पाण्यावर आडकाठी नसते, त्यामुळे फोन कधीकधी पलीकडच्या काठावरचा लांबचा टॉवर पकडतो. काड्या दिसतात, पण जोडणी डळमळीत. तिथे काठापासून जरा आत, गावाकडे सरकलेलं बरं.

इथे एक तिढा येतो. यूएसबी केबलने जोडलं तर मोबाईल लॅपटॉपपाशीच ठेवावा लागतो, आणि लॅपटॉप असतो आतल्या खोलीत. अशा वेळी वायफाय हॉटस्पॉटच वापरा. मोबाईल खिडकीत किंवा जिन्यात, जिथे आकडा सगळ्यात चांगला आला तिथे ठेवा आणि तुम्ही आत बसा. फक्त उन्हात ठेवू नका. तापलेला फोन आधी मंदावतो, मग हॉटस्पॉट बंद करतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली हे हमखास होतं.

"त्यांचा आवाज मला येतोय, माझा त्यांना जात नाही." हे वाक्य तुम्ही म्हटलं असेल. यामागे साधं कारण आहे. टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो. तुमचा मोबाईल जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास. त्यामुळे सिग्नलच्या कडेला असताना टॉवरचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतं, पण तुमचं टॉवरपर्यंत पोचत नाही. डाउनलोड चालतं, अपलोड मरतं. म्हणून इंटरव्ह्यूच्या आधी स्पीड टेस्ट करताना वरचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, अपलोडचा बघा. सलग २ एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर व्हिडिओ कॉल निभावतो. मिळत नसेल तर कॅमेरा बंद करा. नुसत्या आवाजाला फार थोडी जागा लागते.

फाइव्ह-जीचं काय? देशात फाइव्ह-जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. आता गावातही फोनवर ते चिन्ह दिसतं, पण कडेच्या भागात फोन फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीला कॉल क्षणभर तुटतो. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन 'फोर-जी' किंवा 'एलटीई'वर बांधून ठेवा. वेग कमी होईल, पण टिकेल. तसंच ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात. २३०० किंवा ३३०० च्या लहरी वेग देतात पण पल्ला कमी. एकाच जागी एका कंपनीचं सिम चालतं आणि दुसरीचं नाही, त्याला टॉवरच्या अंतराबरोबर हेही कारण असतं.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: गावाकडून काम करायचं असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम जवळ ठेवा. एकाच कंपनीची दोन सिम म्हणजे एकाच विहिरीला दोन मोटा. दुसरं सिम कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे जाहिरात बघून ठरवू नका. ज्या घरात बसणार आहात तिथल्या माणसांचे फोन मागून वरचा डीबीएमचा आकडा बघा, पाच मिनिटांत निकाल लागतो.

सिग्नल फुल, नेट गुल

आकडा उणे ८० आहे, तरी पान उघडत नाही. इथे तिसरा सांधा, किंवा टॉवरवरची गर्दी. टॉवरची क्षमता त्याच्या हद्दीतल्या सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी सात ते दहा गावात सगळे मोबाईलवर असतात, तेव्हा तुमच्या वाट्याला थोडंच येतं. पहाटे पाचला तेच सिम त्याच जागी पळायला लागतं.

याचं टोकाचं उदाहरण आपल्याकडे दर आषाढीला दिसतं. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. एरवी काही हजारांचं गाव त्या दिवशी लाखांवर माणसं सांभाळतं, आणि टॉवर तोच. मोबाईल कंपन्या अशा वेळी गाडीवरचे तात्पुरते टॉवर आणतात, तरी मुक्कामाच्या गावात नेट कसंबसं चालतं. त्या दिवसांत शेवटची तारीख असेल तर पालखी यायच्या आधी काम उरका, नाहीतर मार्गापासून दहा-पंधरा किलोमीटर बाजूला जा.

वीज हाही यातलाच भाग. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर किंवा जनरेटरवर जातो, आणि बॅटरी दमली की तो भागच आंधळा होतो. घरी केबलवाल्याची फायबर असेल तर राउटर बंद पडतो, फायबरमध्ये मात्र बऱ्याचदा नेट असतं. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूएपीएस नाही, साधा 'मिनी यूपीएस' मिळतो, तो राउटरला दोन-तीन तास सहज ओढतो. बारामती शहरात आणि मोठ्या गावांत आता फायबर बऱ्यापैकी पोचलीय. नातेवाइकांकडे ती असेल तर हॉटस्पॉटचा खटाटोप कशाला करायचा, सरळ पासवर्ड मागा.

डेटा कुठे जातो?

दिवसाला दीड-दोन जीबीचा प्लॅन मोबाईलला पुरतो, लॅपटॉपला नाही. विंडोजला वायफाय दिसलं की ते घरचंच समजतं आणि मागे अपडेट, वनड्राइव्ह, फोटोंचं सिंक सुरू करतं. दहा मिनिटांत दिवसाचा कोटा संपतो आणि मग वेग ६४ केबीपीएसवर येतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी, एक एमबीची पीडीएफ अपलोड व्हायला दोन मिनिटांहून जास्त. मार्कशीट, दाखला, फोटो, सही असं सगळं चढवायचं असेल तर बसा.

उपाय एका क्लिकचा आहे. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये तुमच्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मागची बरीचशी डाउनलोड थांबतात. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी धरून चाला, आणि महत्त्वाच्या दिवशी आधीच एखादा डेटा व्हाउचर टाकून ठेवा. ऐन वेळी रिचार्ज करायलाही नेटच लागतं.

फुकटचं वायफाय: किती भरवसा?

पुण्याहून दौंडमार्गे रेल्वेने येणार असाल तर स्थानकावर रेलटेलचं 'रेलवायर' वायफाय शोधा. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून गुगलच्या मदतीने हे सुरू झालं. २०२० मध्ये गुगल बाजूला झालं, तरी रेलटेलने ते चालू ठेवलं आणि आज देशातल्या ६,००० हून जास्त स्थानकांवर ते आहे. पहिला अर्धा तास फुकट, पुढे पैसे. बारामतीच्या गाडीची वाट बघत बसलेला अर्धा तास मेल पाठवायला पुरतो.

दुसरा प्रकार पीएम-वाणी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने याला मंजुरी दिली. कल्पना जुन्या एसटीडी बूथसारखी आहे: किराणा दुकानदार, चहावाला कोणीही आपल्या नेटवरून वायफाय विकू शकतो, त्यासाठी परवाना लागत नाही. ॲपमधून जवळचा हॉटस्पॉट दिसतो आणि पाच-दहा रुपयांची कूपनं मिळतात. कल्पना मला आवडते, पण आपल्या भागात त्यावर विसंबून इंटरव्ह्यू ठेवू नका.

सोलापूर रोडवरच्या हॉटेलांत, लॉजवर वायफाय जोडलं जातं पण लॉगिनचं पान येत नाही, हा नेहमीचा त्रास. ते पान मध्येच घुसवण्यासाठी वायफायवाल्याला तुमची साधी, कुलूप नसलेली विनंती लागते, आणि आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएस असल्याने ती मिळत नाही. ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' टाका. ही साइट मुद्दाम कुलूप न लावता ठेवलीय, तिच्यावर गेलं की लॉगिनचं पान समोर येतं. व्हीपीएन चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. मोबाईल नंबर आणि ओटीपी मागितला तर घाबरू नका, सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवायची हा सरकारी नियम २००९ पासूनचा आहे. पण आधार नंबर, कार्ड किंवा यूपीआय पिन मागितला तर तिथूनच परत फिरा.

सार्वजनिक वायफायवर जोडताना विंडोज विचारतं तेव्हा 'पब्लिक नेटवर्क' निवडा. ब्राउझरने सर्टिफिकेटचा लाल इशारा दिला तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. बँकेचं काम मोबाईल डेटावरच करा.

ड्रॉवरमधला डोंगल

२००९-१२ च्या काळात टाटा फोटॉन किंवा रिलायन्स नेटकनेक्टचा डोंगल ज्याच्याकडे तो हॉस्टेलचा राजा होता. ते डोंगल अजून घराघरांत पडलेत, आणि "हा चालेल का रे?" असं काका विचारतातच. नाही चालणार. ते सीडीएमएवर चालायचे आणि ती नेटवर्क कधीच बंद झाली. फोर-जीचा पॉकेट राउटर मात्र आजही कामाचा आहे, विशेषतः घरात तीन-चार जण वापरणार असतील तर. फक्त तो एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही ना, ते विकत घेताना विचारा. एसटीतही काही वर्षांपूर्वी वायफाय आलं होतं, पण त्यात डब्यात साठवलेले सिनेमे आणि गाणी होती, इंटरनेट नव्हतं.

ज्या दिवशी चुकून चालणार नाही

आदल्या दिवशी, त्याच वेळेला, त्याच खुर्चीवर बसून दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल मित्राला करा. सकाळी अकराचा इंटरव्ह्यू असेल तर रात्री अकराची टेस्ट काही कामाची नाही. लॅपटॉपवर दोन्ही सिमचे हॉटस्पॉट एकदा जोडून पासवर्ड साठवून ठेवा, म्हणजे एक गेला की दुसरा दोन क्लिकमध्ये येतो. मोबाईलवरचे बाकीचे अ‍ॅप बंद करा आणि हॉटस्पॉटच्या सिमवर कोणी फोन करणार नाही हे घरात सांगून ठेवा. काही फोनवर कॉल आला की डेटा थांबतो. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या. नेट तुटलं तर लगेच फोन करून सांगितलेलं बहुतेक जण समजून घेतात, अर्ध्या तासाने मेल केलेलं नाही.

अर्ज भरायचा असेल तर कागदपत्रं आधीच साइटने सांगितलेल्या आकारात लहान करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि माहिती नोटपॅडमध्ये टाईप करून ठेवा. सेशन संपलं तरी पुन्हा चिकटवता येते. फी भरताना पान मध्येच अडकलं आणि पैसे खात्यातून गेल्याचा मेसेज आला, तर 'बॅक' दाबून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. पुन्हा लॉगिन करून पेमेंटची स्थिती बघा. 'पेंडिंग' असेल तर थोडं थांबा, 'फेल' दाखवत असेल तरच पुन्हा भरा. आधीचे पैसे सहसा काही दिवसांत परत येतात. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, आणि अर्ज सबमिट झाल्यावर पावतीची पीडीएफ लॅपटॉपवर उतरवून मोबाईलवरही एक प्रत पाठवून ठेवा.